चिंचेच्या वावरात कोरड्या पायानं

"ह्या कपड्यात पान्याचा एक थेंब जरी शिरला, तर ही मिशी जवळा बाजारला आठवडी बाजारात बसून काढीन. समद्यांच्या देखत."

रत्नपालनं हे अंगणात उभं राहून, छातीपर्यंत चढवलेल्या त्या शेवाळी रंगाच्या चड्डीवर थाप मारून सांगितलं. चड्डी म्हणायची ती नावाला. खाली बूट चिकटलेले, वर छातीपर्यंत कापड, खांद्यावरून पट्टे, पट्ट्यांना बक्कल. पोरगा बंटी पुण्यात खेळाच्या सामानाच्या दुकानात होता, त्यानं ऑनलाइन मागवून बापाला पाठवलेली. परदेशात साहेबलोक हौसेनं मासे धरतात, तेव्हा हीच घालतात म्हणे.

"आतला घाम वाफ होऊन भायेर जातो," रत्नपालनं समजावलं, "अन् भायेरचं पानी आत येत न्हाई. कपड्याला अक्कल हाय, माय."

"मग बंटीला लहानपनी तसलीच कापडं घालायची व्हती," जनकाबाई चुलीपुढून म्हणाली.

रत्नपाल हसला, पण थोडंच. सकाळपासून चहाचे तीन कप झाले होते, आणि चड्डी घातल्यापासून त्यानं एका गोष्टीचा विचारच केला नव्हता. तो लगबगीनं घरामागं गेला. मग घरामागून "संगिता" अशी हाक आली, मग जरा मोठी, मग रडवेली. पाठीमागचं बक्कल अडकलं होतं. संगितानं चुलीवरची सांडशी नेऊन ते कसंबसं सोडवलं. नवरा बाभळीआड पळाला तेव्हा ती परत येऊन सासूला म्हणाली, "कापडाला अक्कल हाय, आत्याबाई. पर आत कोन बसंल ते त्याला इचारलं न्हाई कोनी."

रस्त्याकडच्या खोलीवरून हे सगळं चाललं होतं. खोली एकच, मागणारे तिघं. रत्नपालच्या बापाला, सटवाजींना, ती जशी आहे तशीच पाहिजे होती, म्हणजे जाळी, दोर, आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबा कापून त्यांनी स्वतः बनवलेल्या विजारींसकट. रत्नपालला तिथं दुकान टाकायचं होतं. बंटी पुण्याहून माल पाठवणार, रत्नपाल सिद्धेश्वर धरणाच्या मच्छीमारांना परदेशी चड्ड्या विकणार. आणि रत्नपालच्या धाकट्या भावाची, देविदासची, पोरगी पल्लवी भिवंडीच्या रेनकोट कारखान्यात दोन वर्षं शिवणीवर टेप चिकटवून परत आली होती, तिला तिथं स्वतःचा कारखाना काढायचा होता. कारखाना म्हणजे दोन मशिनी.

"मशिनीचा टेंपो उद्या सकाळी येतो," तिचं आठवडाभर प्रत्येकाला सांगून झालं होतं. "खोली असली तर माल उतरंल. न्हाईतर त्याच टेंपोत बसून म्या परत भिवंडीला. सुपरवायझरनं जागा धरून ठेवली हाय."

खोलीला कुलूप निजामाच्या काळातलं, पितळी, लहान भोपळ्याएवढं. चावी एकच, आणि ती जनकाबाईच्या कमरेला. दुसरी करून घ्यायला हिंगोलीला नेली होती, तर चावीवाल्यानं ती उलटीपालटी करून नमस्कार केला आणि परत दिली. म्हणून घरात खोली कुणाची हा प्रश्न नव्हता. म्हातारी कुणाची, हा होता.

त्यासाठीच आज सगळे जमलेले. देविदास एसटीत कंडक्टर, त्यानं सुट्टी टाकली होती. शेजारचा गुलाबसिंग पंच म्हणून आला होता, म्हणजे चहा प्यायला.

"इचार करा," सटवाजी बाजेवरून म्हणाले. त्यांनी विचार करा म्हटलं की लोक उठायला लागत, कारण पुढं इतिहास यायचा. "मपल्या बापाचं वावर धरनात गेलं. चिंचेचं वावर. त्यानं कपाळाला हात लावला न्हाई. म्हनला, वावर पान्यात गेलं तर आपुन बी पान्यात जाऊ. पिकलं न्हाई तर मासळी धरू. पर पान्यात उभं राहून पाय कुजायले. मग त्यानं काय केलं?"

"मेनकापड," पल्लवी, रत्नपाल आणि देविदास एका सुरात म्हणाले.

"मेनकापड. मांजरपाट घेतला, जवसाचं तेल पाजलं, मेन चोळलं, वाळवलं. पान्याचा थेंब आत न्हाई."

"अन् मग घडी करून कोपऱ्यात ठेवलं, तर आपोआप धुपायलं," रत्नपालनं पुढचं सांगून टाकलं. "काडी न्हाई, इस्तू न्हाई. अर्धं गाव भानामती म्हनून पळालं."

"जवसाचं तेल तसंच असतंय, मोठेबाबा," पल्लवी म्हणाली. "चिंधीत घडी घालून ठेवलं की आतल्या आत तापतंय. कारखान्यात शिकवलं आमाला."

"हां. बापाला बी ठाव व्हतं ते," सटवाजी म्हणाले, "घर जळाल्यावर. म्हनून म्या टूब आनली. रबर. रबराला ना तेल लागतं ना मेन. भोक पडलं तर सायकलवाल्याकडं जा, पंक्चर काढ. ह्या जिल्ह्यात पंक्चर काढनाऱ्याचा तोटा हाय का? तुमच्या पुन्याच्या चड्डीचं पंक्चर कोन काढनार?"

"तिला पंक्चर व्हतच न्हाई."

"आन् तुपली?" म्हातारा नातीकडं वळला.

पल्लवीनं पिशवीतून तिची काढली. एक पाय हिरवा, दुसरा केशरी, छाती जांभळी. कारखान्यातला नापास माल वजनावर मिळायचा, जो रंग मिळाला तो घेतला. खाली साधे गमबूट, शिवणीवर आतून टेप. बाजूला नाड्या, सैल करा, आवळा.

"शिवनीतून सुईच्या भोकातून पानी येतंय, कापडातून न्हाई," ती म्हणाली. "म्हनून टेप. अन् ह्यो खिसा पाहा. पान्यात गेलं की खिसा भरून जड व्हतो, म्हनून त्याला खालून बोटभर भोक ठेवलंय. पानी, गाळ, शंखले, समदं निघून जातंय."

"झेंडावंदन हाय का कुठं?" रत्नपाल म्हणाला, आणि देविदास हसला. हसला, कारण त्यानं भावाला आधीच शब्द दिला होता. पोरगी भिवंडीला गेली तर महिन्याला पगार तरी येतो, असा त्याचा हिशेब. रत्नपालनं मनात मोजलं: देविदास आपला, संगिता तर बायकोच, बाबांना रबराशिवाय काही दिसत नाही. राहिली माय.

माय पदराला हात पुसत बाहेर आली.

"तोंडानं कोनाचंच पाय वलं व्हत न्हाईत," ती म्हणाली. "तिघंबी पान्यात जा. आपल्याच वावरात. आतून पांढरा पायजमा घाला, अन् पायजम्याला कोरडी हळद लावा. कोरडी हळद झटकली की जाते. वली झाली की धुतली तरी जात न्हाई. ज्याची हळद कोरडी राहील, त्याची खोली."

हिंगोलीकडच्या माणसाला हळदीपेक्षा मोठा साक्षीदार कोण? गुलाबसिंगनं मान डोलावली. "बिल्कुल बराबर. हळद खोटं बोलत न्हाई."

पल्लवीची चड्डी घालणार कोण, यावर जरा घोळ झाला. ती स्वतः तयार होती, पण रत्नपाल म्हणाला की शिवणाऱ्यानंच घातली तर परीक्षा कसली. मग सगळ्यांची नजर देविदासवर गेली.

"मला पोहाया येत न्हाई," देविदास म्हणाला.

"पोहायचं कुठं हाय, उभं राहायचं हाय," त्याची आई म्हणाली. "एसटीत उभा राहतो तसा."

घरापासून पाण्यापर्यंतचा रस्ता वेड्या बाभळीतून जातो. सटवाजी त्यांची ट्यूब खांद्यावर टाकून निघाले. पल्लवीनं तिची घडी करून डोक्यावर घेतली. रत्नपाल मात्र घालूनच निघाला, कारण बक्कल परत अडकलं तर नको, आणि रस्त्यात दोन-चार लोकांनी बघावं असंही होतं. लोकांनी बघितलं. जळकेच्या पोरानं विचारलं, "काका, विहिरीतली मोटर काढायला चाललेत का?" रत्नपालनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. मांडीला, गुडघ्याला, पोटरीला काहीतरी चरचर करत होतं. त्यानं त्याच्याकडंही लक्ष दिलं नाही. सिद्धेश्वरचा मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या उघड्या पायानं त्या बाभळीतून जातो. काटा पायाला लागतो, चड्डीला लागू शकतो हे त्याच्या डोक्यात येणार कुठून?

पाणी ओसरलेलं होतं. काठावरून बोट दाखवून सटवाजी अजूनही सांगायचे: हा बांध, हे आंब्याचं झाड होतं, तिथं चिंच, चिंचेजवळ विहीर. दिसायचं फक्त पाणी. पण या घराचं जाळं त्या वावराच्या बाहेर पडलं नव्हतं. दुसऱ्याच्या बुडालेल्या वावरात मासे धरणं त्यांना चोरी वाटायची.

काठावर रत्नपालला चड्डी परत उतरवावीच लागली. तिघांनी पायजमे घातले, संगितानं दोन्ही मुठींनी हळद लावली, आणि वरून ज्यानं त्यानं आपापली चढवली. ऊन चांगलंच चढलं होतं.

"जा," गुलाबसिंग म्हणाला.

सटवाजी आत गेले ते थेट कमरेपर्यंत, आणि रबरात उभे राहिले, देवळातल्या खांबासारखे. रत्नपालही गेला. पहिल्या काही पावलांत त्याला गार वाटलं आणि तो मनात म्हणाला, बघा, हवा कशी खेळते. मग त्याला जास्तच गार वाटलं. देविदास घोट्याएवढ्या पाण्यात बाभळीची फांदी धरून थांबला.

"भावजी, पुढं सरका की," संगिता ओरडली. "लोकांला आयुष्यभर पुढं सरका म्हनता."

"पुढं जागा न्हाई," देविदास म्हणाला.

रत्नपालच्या उजव्या बुटात आता काहीतरी खळखळत होतं. त्यानं चेहरा तसाच ठेवला. आपण सटवाजींच्या पुढं गेलो तर निदान धाडसाचे गुण मिळतील, असा विचार करून तो चिंचेच्या दिशेनं दोन ढांगा पुढं गेला.

"तिकडं विहीर..." सटवाजी म्हणाले.

रत्नपाल दिसेनासा झाला. मग टोपी वर आली, मग मिशी. विहीर गाळानं भरत आली होती, पण एक रत्नपाल मावेल एवढी अजून शिल्लक होती. छातीवरून पाणी चड्डीत धबधब्यासारखं शिरलं आणि त्याच्या दोन्ही पायांचे दोन रांजण झाले. वर येईना, खाली जाईना.

"माय," तो म्हणाला. तेवढंच जमलं.

गुलाबसिंगनं दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून फेकजाळं टाकलं. ते बरोबर पडलं. गुलाबसिंग, पल्लवी, संगिता आणि जनकाबाई, चौघांनी मिळून रत्नपालला काठावर ओढलं, चिलापी मासळी ओढतात तसं, आणि उलटं केलं. दोन्ही पायांतून पिवळं पाणी वाहिलं, आणि शेवटी एक खरीखुरी चिलापी बाहेर पडून उड्या मारायला लागली.

संगितानं ती उचलून बघितली. "हळद लावूनच निघाली," ती म्हणाली. "मीठ तेवढं टाकायचं राहिलं."

"कंपनीचा दोष हाय," रत्नपाल खोकत म्हणाला.

पल्लवीनं त्याच्या चड्डीच्या गुडघ्यावर बोट ठेवलं. तिथं काटा तसाच अडकलेला होता. त्याच्या शेजारी दुसरा. "कंपनीकडं बाभळी नसतील, मोठेबाबा."

परत कुणी पडू नये म्हणून गुलाबसिंगनं विहिरीच्या काठाशी एक बांबू रोवला. तोवर सटवाजी विजयी चेहऱ्यानं बाहेर आले होते. पोराकडं एक नजर टाकून ते म्हणाले, "रबर. इचार करा," आणि विजार खाली ओढली.

पायजमा मांडीपासून घोट्यापर्यंत लालभडक होता.

संगितानं किंकाळी फोडली. देविदासनं फांदी सोडली आणि तो घोट्याएवढ्या पाण्यातून पळाला. कुणी मगर म्हणालं, कुणी जळवा. "आबा, खाली बसा, हलू नका," असं म्हणत पल्लवीनं ओढणी फाडून त्यांच्या मांडीला आवळून बांधलीसुद्धा. सटवाजी स्वतः इतके घाबरले की त्यांना दुखायलाही लागलं.

"कुठं दुखतंय?"

"समदीकडं."

जनकाबाई जवळ आली, खाली वाकली, वास घेतला. मग नवऱ्याच्या पायजम्याच्या खिशात हात घालून तिनं चुन्याची डबी काढली. झाकण उघडं होतं, डबी रिकामी.

"रबरात घाम केवढा आला बघा," ती म्हणाली. "हळद, चुना अन् घाम. कुंकू झालं. उठा, काय बी झालं न्हाई तुमाला."

सटवाजी उठले. दुखायचं थांबलं होतं, आणि त्याचा त्यांना राग आला होता. "पान्याचा थेंब आत आला न्हाई," ते म्हणाले.

"आला न्हाई. तुमीच तयार केला."

उरला देविदास. त्याची हळद कोरडी होती. झटकली तर पूर्ण निघून गेली, पायजमा पांढराशुभ्र.

"पल्लवीची खोली," गुलाबसिंग म्हणाला.

"काहून?" रत्नपाल अंगातून पिवळं ठिबकत असताना उभा राहिला. "ह्यो पान्यात गेला कुठं? बाभळीला टांगून ठेवला असता तरी कोरडाच राहिला असता. ही परीक्षा रद्द."

आणि वाईट असं, की सगळ्यांना ते पटलं. सटवाजींना तर लगेच पटलं. बापलेक सकाळपासून एकमेकांकडं बघत नव्हते, ते आता एका बाजूला उभे राहिले, एक लाल, एक पिवळा. देविदासनंही हळूच मान डोलावली. पल्लवीनं बापाकडं बघितलं. मग ती चड्डीची घडी घालायला लागली, टेंपोत ठेवायची असते तशी.

"आन इकडं," जनकाबाई म्हणाली.

"आजी?"

"म्या जाते."

"माय, तुला काय गरज..." रत्नपाल म्हणाला.

"गरज?" म्हातारी वळली. आवाज चढला नव्हता. "तुमच्या आज्याला मेनकापड झालं. तुमच्या बापाला टूब झाली. तुला पुन्याहून आली, अक्कलवाली. अन् जाळं धुवाया, मासळी निवडाया रोज कमरेएवढ्या पान्यात कोन उभं राहतं? म्या. ही संगिता. आमाला काय? लुगडं. दिसभर वलं, तसंच निजायचं. कोनाला इचार आला न्हाई, की बाईला बी पाय असतात."

रत्नपालनं बायकोकडं बघितलं. ती आपल्याकडं बघेल असं त्याला वाटलं होतं. ती पल्लवीच्या हातातल्या केशरी पायाचं माप स्वतःच्या पायाशी लावून बघत होती.

"नाड्या हायेत, काकू," पल्लवी हळू आवाजात म्हणाली. "तुमाला बी व्हईल."

"मोरपंखी रंग मिळंल का?" संगितानं विचारलं. तेव्हा रत्नपालला कळलं की आपलं एक मत गेलं, आणि तेही घरातलं.

जनकाबाईनं काष्टा आवळला, लुगड्यासकट आत शिरली. नाड्या आवळल्या. कमरेची चावी आत दाबली जायला लागली, टोचायला लागली, म्हणून ती सोडून तिनं छातीवरच्या खिशात टाकली. मग ती पाण्यात चालायला लागली. हिरवा पाय, केशरी पाय. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. देविदास थांबला होता त्याच्या पुढं, सटवाजी उभे होते त्याच्याही पुढं. गुलाबसिंगनं रोवलेला बांबू आधाराला बरा दिसला, म्हणून तो धरून ती विहिरीच्या अगदी काठावर उभी राहिली.

किती वेळ उभी राहिली ते कुणी मोजलं नाही. रत्नपालला आठवेना की आपल्या आईला नुसतं उभं राहिलेलं आपण कधी बघितलं होतं.

"कसं वाटतंय, आजी?" पल्लवीनं विचारलं.

"लगीन होऊन आले तव्हाच हे वावर पान्यात व्हतं," जनकाबाई म्हणाली. "ह्येंच्या तोंडून रोज ऐकलं, चिंच अशी अन् बांध तसा. आज पहिल्यांदा कोरड्या पायानं आले बघ." तिनं आत हात घालून काष्टा चाचपला. "सुकं हाय. भाकरीच्या फडक्यावानी."

सटवाजी कुणाकडंही न बघता म्हणाले, "मपल्या टुबा माळ्यावर टाका. जाळी अंगनात राहतील."

रत्नपालनं खांदे उडवले. बापानं बाजू सोडल्यावर एकट्यानं पिवळं होऊन उभं राहण्यात अर्थ नव्हता. "घे बाई. पर बंटीच्या दोन चड्ड्या दर्शनी भागाला टांगशील."

"टांगते, मोठेबाबा. पंक्चर काढून."

"अन् बाजार कव्हा हाय?" संगितानं विचारलं. "मिशीचं."

रत्नपालला ते ऐकू आलं नाही.

"पल्ले, ये इकडं," जनकाबाईनं पाण्यातून हाक मारली. "चावी हितंच देते. आपल्याच वावरात उभं राहून."

पल्लवी सलवारीसकट पाण्यात शिरली, धावत, पाणी उडवत, आणि आजीपुढं जाऊन दोन्ही हात पुढं केले. जनकाबाईनं खिशात हात घातला. चाचपला. अजून खोल घातला. खिशाच्या खालच्या बाजूनं तिचं बोट बाहेर आलं.

दोघी त्या बोटाकडं बघत राहिल्या.

"जनके," सटवाजींनी काठावरून विचारलं, "तू बांबूच्या अल्याड हायेस का पल्याड?"

"पल्याड."

चावी विहिरीत गेली होती. टेंपो दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर आला.